देवाणघेवाणीचा हिशेब

कोल्हापूरकडच्या मलकापूर परिसरात जुलै उजाडला की चिखलगुठ्ठा आणि भाताची रोपलावण एकदमच येते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. मग आज एकाच्या शेतात आठ-दहा माणसं वाकतात, उद्या दुसऱ्याच्या. हा पैरा. तो वहीत कुणी लिहीत नाही. पण कुणाचा फेडायचा राहिलाय, हे अख्ख्या वाडीला तोंडपाठ असतं.

इंटरनेटवरचे फाइल वाटणारे खासगी गट याच रीतीने चालतात. तिथली वही यंत्र लिहितं.

वही नसली की काय होतं, हे २००० सालीच दिसलं. एटन अडार आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी नटेला या खुल्या जाळ्याची पाहणी केली. जवळपास ७० टक्के लोक काहीच वाटत नव्हते आणि निम्मी मागणी वरचे एक टक्का लोकच भागवत होते. पुढच्याच वर्षी ब्रॅम कोहेनने बिटटोरंट आणलं: फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे इतरांना द्यायचे. तरीही फाइल पूर्ण झाली की लोक खिडकी बंद करून मोकळे.

खासगी गटांनी ही पळवाट बुजवली. प्रवेश ओळखीनेच. किती घेतलं, किती दिलं याचा ‘रेशो’ नावापुढे कायम. घेऊन पळणाऱ्याला आधी ताकीद, मग बाहेरचा रस्ता. काही ठिकाणी त्याला आणणाऱ्यालाही झळ. एरवी हात आखडता घेणारी माणसं मग रात्रंदिवस संगणक चालू ठेवू लागली.

माल मात्र बहुतेक दुसऱ्याच्या हक्काचा होता. ‘ऑइंक’ हा संगीताचा गट ऑक्टोबर २००७मध्ये पोलिसांनी बंद केला. त्याचा चालक ॲलन एलिस २०१०मध्ये निर्दोष सुटला. त्याची जागा घेणारा ‘व्हॉट.सीडी’ नोव्हेंबर २०१६मध्ये बंद पडला. आपल्याकडे २०२३च्या सुधारित सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपटाच्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. मराठी निर्मात्याचा गल्ला आधीच तोकडा. त्यात गावभर फिरणाऱ्या पेनड्राइव्हचा वाटा कशाला?

पण हिशेबाची ती रीत उचलण्यासारखी आहे, तिच्यातली खोट ओळखून. एकाने चढवलेलंच दुसरा उतरवतो, त्यामुळे गटाचा एकूण रेशो एकच्या वर जाऊच शकत नाही. कुणी पाचवर पोचला, तर बाकीचे कुणीतरी एकच्या खाली जाणारच. मग सगळे ताज्या, गाजलेल्या फाइलवर तुटून पडतात. पैसेवाला वेगवान सर्व्हर भाड्याने घेऊन पुढे जातो, नवखा अडकतो आणि जुनी, दुर्मीळ फाइल पोरकी होते. शहाण्या गटांनी म्हणून नियम बदलला: किती दिलं यापेक्षा किती काळ सांभाळलं, याला गुण.

कोल्हापूरला नेमका हाच नियम हवा आहे. इथल्याच बाबूराव पेंटरांचा १९२५चा मूकपट ‘सावकारी पाश’ आज पाहायला मिळत नाही. त्यांचे बहुतेक मूकपट असेच गेले. प्रती मोजक्या होत्या आणि त्या जपणारे हात त्याहून कमी.

भारतात चित्रपट आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, लेखनावरचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. म्हणजे राजरोस वाटता येईल असं जुनं मराठी भांडार मोठं आहे. १८५०पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्थेने असा गट उभारायला पुढाकार घेतला, तर शाहूवाडी, पन्हाळा, भुदरगडातली वाचनालयं सभासद होऊ शकतील. प्रत्येकाने एक जुना संगणक आणि एक हार्ड डिस्क चालू ठेवायची. जे इतर कुणाकडेच नाही ते सांभाळणाऱ्याला सर्वाधिक गुण द्यायचे, आणि ते गुण वाचनालयाच्या अनुदानाशी जोडायचे, म्हणजे विजेचं बिल तरी सुटेल.