निर्मात्याच्या पश्चात चालणारे यंत्र

1929 साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, तेव्हा स्पर्धेच्या अटींचा जो मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात सूत किती निघावे आणि यंत्राची किंमत दीडशे रुपयांपलीकडे जाऊ नये, एवढे सांगून गांधीजी थांबले नव्हते. वेळेवर निगा राखल्यास यंत्र निदान वीस वर्षे चालले पाहिजे आणि त्याच्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होता कामा नये, अशीही कलमे त्यांनी त्यात घातली होती. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही या स्पर्धेसाठी एक यंत्र सिद्ध झाले. परंतु साऱ्या अटी पुऱ्या करणारे यंत्र परीक्षकांना मिळाले नाही आणि पारितोषिक कोणाच्याच पदरात पडले नाही. या विस्मृत स्पर्धेचे स्मरण होण्यास निमित्त झाले ते आमच्या न्हाणीघराबाहेर पत्रा उघडून ठेवलेल्या एका जुन्या, दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचे. सुताच्या परीक्षेशी त्याचा संबंध नाही. पण आयुर्मान आणि देखभाल यांविषयीच्या त्या दोन कलमांवर त्याला उभे केले असते, तर ते मानाने उत्तीर्ण झाले असते.

घरच्या घरी असे यंत्र पुन्हा चालते करणे ही आपल्याकडे सेवानिवृत्त मनुष्याची निरुपद्रवी हौस समजली जाते. मला ती मालकीहक्काची कसोटी वाटते. पैसे मोजून घरात आणलेली वस्तू बिघडली असता तिचा मालक ती उघडू शकत नसेल, उघडली तरी तिचा बिघडलेला भाग त्याला बाजारात सुटा मिळत नसेल, तर खरेदीखत काहीही म्हणो, त्याच्या ताब्यात आहे ते यंत्र नसून एका मुदतबंद भाडेपट्ट्याची पावती आहे. आणि या भाडेपट्ट्याची मुदत किती, हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी निर्मात्याने आपल्याकडे राखून ठेवला आहे.

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही दोन टबांची यंत्रे मध्यमवर्गीय घरांत येऊ लागली, तेव्हा त्यांच्याकडे चैनीची वस्तू म्हणून पाहिले गेले. तथापि आपल्या पाणीटंचाईच्या देशाशी त्यांच्या रचनेचा जो मेळ बसला, तो पुढे आलेल्या कित्येक महागड्या यंत्रांचाही बसला नाही. नळाला तासभरच पाणी असो किंवा काही शहरांत येते तसे ते काही दिवसांआड येवो, या यंत्रात ते बादलीने ओतता येते. पांढऱ्या कपड्यांचे साबणपाणी रंगीत कपड्यांना, आणि तेच पुढे पायपुसण्यांना वापरता येते. वीज मध्येच गेली तर झाकण उघडून कपडे काढून घ्यावेत, यंत्राची त्याला हरकत नसते. धुण्याच्या दगडावर ज्यांच्या कमरा मोडल्या त्या गृहिणींनी या यंत्राचे स्वागत केले यात नवल नाही. (जुन्या यंत्रांविषयी सर्वाधिक गहिवरून बोलणारे पुरुष आयुष्यात क्वचितच दगडावर धुणे धुण्यास बसलेले असतात, ही गोष्ट या लेखाच्या लेखकासह सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.)

आता त्या उघडलेल्या पत्र्याकडे वळू. पाठीमागचा हा पत्रा साध्या स्क्रूंनी बसविलेला असतो आणि त्याच्या आतल्या अंगाला, निदान आमच्या यंत्रात तरी, तारांच्या जोडणीचा नकाशा चिकटविलेला होता. कागद पिवळा पडलेला, एक कोपरा झुरळांनी खाल्लेला, पण कोणती तार कोठून निघून कोठे जाते हे अद्याप वाचता येईल असा. त्या नकाशाइतका प्रामाणिक दस्तऐवज मी अलीकडे कोणत्याही कंपनीच्या हातून घेतलेला नाही. यंत्रात मोटारी दोन: एक धुण्याची, एक पिळण्याची. धुण्याच्या मोटारीत वेटोळ्यांचे दोन संच असतात. एकाला विजेचा प्रवाह थेट मिळतो, दुसऱ्याला कंडेन्सरच्या मार्गाने मिळतो, आणि टायमर त्यांची आलटून पालटून अदलाबदल करीत असल्यामुळे तळाची चकती काही वेळ उजवीकडे, क्षणभर विसावून काही वेळ डावीकडे फिरते. त्या टायमरच्या पोटात घड्याळाची कमान आणि दाते असलेली चक्रे असतात. प्रोग्रॅम नाही, पडदा नाही, पासवर्ड नाही. मोटार गुणगुणते पण फिरत नाही, आणि चकतीला हाताने किंचित गती देताच फिरू लागते, अशी लक्षणे दिसली की कंडेन्सर क्षीण झाला असे निदान बहुधा बरोबर ठरते. प्लग काढला म्हणजे विजेची भीती संपली, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. कंडेन्सर प्रवाह बंद झाल्यावरही काही काळ आपला संचय धरून ठेवतो आणि योग्य रोधकातून तो रिता केल्यावाचून त्याला हात लावणे धोक्याचे असते. ज्याला मल्टिमीटर वाचता येत नाही आणि अर्थिंगचे महत्त्व पटलेले नाही, त्याने येथे मिस्त्री बोलवावा व स्वतः बाजूस बसून पाहावे. पाहण्यातही पुष्कळ शिक्षण आहे.

विजेच्या कामापेक्षा पाण्याचे काम अधिक चिवट. तळाच्या चकतीचा स्क्रू गंजून असा बसतो की त्यावर तेल सोडून रात्रभर वाट पाहावी लागते, आणि चकती निघाली की तिच्याखाली घराचा एक लहानसा इतिहास हाती लागतो: सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक, शाळेच्या गणवेशाची बटणे आणि पंचवीस पैशांचे एक नाणे, जे 30 जून 2011 पासून सरकारने चलनातून बाद केले असले, तरी यंत्राच्या तळाशी ते सुखेनैव नांदत होते. बोअरच्या पाण्याचे क्षार टबाला पांढऱ्या पापुद्र्यासारखे चिकटतात. लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणाने ते सुटतात, तारेच्या घासणीने मात्र टबावर चरे पडतात. पिळण्याच्या टबाखालचे ऑइल सील झिजले की पाणी दांड्यावरून थेट मोटारीवर उतरते, आणि लोक मोटार जळाली म्हणून हळहळतात, तेव्हा खरा अपराधी रबराचे ते लहानसे कडे असते; ते बदलण्यासाठी टब वर काढावा लागतो, दांडा पॉलिश पेपरने साफ करावा लागतो आणि सील नेमके सरळ बसवावे लागते, कारण ते तिरके बसले तर सारी मेहनत पुन्हा आरंभापासून. ड्रायर मंद फिरत असेल तर मोटारीला दोष देण्यापूर्वी ब्रेकची तार पाहावी. झाकण उघडताच टब थांबविणारा ब्रेक याच तारेने चालतो, आणि झाकण बंद असताना तो नीट सुटत नसेल तर मोटार ब्रेकशी झगडत फिरत राहते. हा ब्रेक त्रासदायक वाटला तरी तो काढून टाकू नये. वेगाने फिरणाऱ्या टबात हात जाऊ नये म्हणून तो आहे. पत्र्याचा गंज, रेडऑक्साइड, रंग यांविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. ते कोणालाही जमते.

या साऱ्या खटाटोपात जी गोष्ट मनावर ठसली ती सुट्या भागांची. पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या विजेच्या सामानाच्या पेठेत कंडेन्सर मिळतो, पट्टा मिळतो, सील मिळते, टायमरही मिळतो. दुकानदार यंत्राचे नाव विचारण्याऐवजी जुना भाग मागतो, तो फळीवर ठेवून मापाला माप लावतो आणि पैसे घेऊन मोकळा होतो. ज्या व्हिडिओकॉनने औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, परिसरातून ही यंत्रे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविली, ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली; तरीही त्या काळची यंत्रे दुरुस्त होऊ शकतात, कारण त्यांच्या भागांवर कोणा एकाची मक्तेदारी कधी प्रस्थापितच झाली नव्हती. अमेरिकेतही असेच घडले आहे. आयोवा राज्यातील न्यूटन येथील मेटॅग कंपनीने 1922 मध्ये तळाशी फिरणारी पाती असलेले धुलाई यंत्र आणले, वर रबरी रुळांची पिळणी बसविलेल्या यंत्रांचे उत्पादन 1983 पर्यंत चालू ठेवले, पुढे 2006 मध्ये ती कंपनी व्हर्लपूलने विकत घेतली आणि 2007 मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. पण त्या पिळणीच्या यंत्रांना इंजिन जोडून अमिश पंथाची कुटुंबे आजही त्यांवर कपडे धुतात. निर्माता नाहीसा झाल्यावरही यंत्र चालत राहणे, यापेक्षा त्या निर्मात्याच्या सचोटीचा अधिक भक्कम पुरावा कोणता द्यावा?

याउलट आज दुकानात झळकणाऱ्या पुष्कळशा समोरून उघडणाऱ्या यंत्रांत बाहेरच्या टबाचे दोन अर्धे उष्णतेने एकजीव केलेले असतात. बेअरिंग ही मुळात अल्प किमतीची वस्तू. परंतु ती त्या सांधलेल्या टबाच्या पोटात असल्यामुळे तिच्यासाठी संपूर्ण टब बदलावा लागतो, आणि मिस्त्री खर्चाचा अंदाज सांगतो तेव्हा नवे यंत्र घेण्याचा सल्ला त्यातच अध्याहृत असतो. ही यंत्रे पाणी कमी घेतात व कपडे सौम्यपणे धुतात, हे त्यांचे गुण मी अमान्य करीत नाही. तथापि पाणी वाचविणे आणि टब स्क्रूंनी जोडणे या दोन गोष्टींत कोणताही नैसर्गिक विरोध नाही. टब एकजीव करणे स्वस्त पडते आणि त्यातून पाणी गळत नाही, असे कारखानदार सांगतात. ते खरेही असेल. परंतु ही बचत कारखान्याच्या खात्यात जमा होते आणि तिचा खर्च काही वर्षांनी गिऱ्हाइकाच्या नावे पडतो, हा हिशेब त्यांनी कधी मांडलेला नाही.

सरकारने या विषयात काही केले नाही असे म्हणता येणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केले आणि 2024 मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरविण्यासाठी आणखी एक समिती नेमली. पोर्टलवर माहिती मिळते, हेही उपयुक्त आहे. परंतु माहिती देण्याची अपेक्षा बाळगणे निराळे आणि भाग पुरविण्याचे बंधन घालणे निराळे. युरोपीय संघाने 1 मार्च 2021 पासून घरगुती धुलाई यंत्रांच्या बाबतीत हे बंधन घातले: त्या नमुन्याचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यापासून निदान दहा वर्षे मोटार, पंप, बेअरिंग, विजेची पाटी (सर्किट बोर्ड) इत्यादी भाग व्यावसायिक दुरुस्तीकारास, आणि दाराचे बिजागर, रबरी सील, साबणाचा खण अशा वस्तू सामान्य ग्राहकासही मिळाल्या पाहिजेत. फ्रान्सने त्याच वर्षी समोरून उघडणाऱ्या धुलाई यंत्रांवर दहापैकी दुरुस्तीचे गुण दर्शविणे सक्तीचे केले. या तरतुदींतही एक उणीव आहे. मोटार बदलण्याचा अधिकार व्यावसायिकाला आणि साबणाचा खण बदलण्याचा मालकाला, या वाटणीत मालकाला अज्ञान पाल्याची जागा दिलेली आहे. आपण कायदा करू तेव्हा ही वाटणी जशीच्या तशी उचलू नये.

सुरक्षिततेचा आक्षेप येथे हमखास उपस्थित होतो आणि तो पोकळ नाही. वीज आणि पाणी एकत्र नांदतात त्या यंत्रात अननुभवी हात घालणे अनर्थाला आमंत्रण आहे. आणि प्रत्येक जुने यंत्र पुन्हा चालवावे असेही माझे म्हणणे नाही. पिळणीच्या यंत्रांनी पूर्वी कित्येकांची बोटे चेचली आहेत. तारांवरचे आवरण ठिसूळ झालेले आणि अर्थिंगची सोयच नसलेले यंत्र शोभेला ठेवावे, रोजच्या वापरात आणू नये. परंतु धोका टाळावयाचा तर मालकाला तो समजावून सांगावा लागतो, आणि यंत्र बंद करून टाकले म्हणजे समजावण्याची जबाबदारी संपली असे मानणे हा सुरक्षिततेचा विचार नव्हे. पत्र्याच्या आत नकाशा चिकटविणाऱ्या त्या अनामिक अभियंत्याने मालकाला सज्ञान मानले होते.

म्हणून मागणी अगदी थोडी आहे. प्रत्येक धुलाई यंत्राच्या आत जोडणीचा नकाशा असावा आणि तोच कंपनीने जाहीरपणे उपलब्ध ठेवावा. टब स्क्रूंनी उघडणारा असावा. बेअरिंग, सील, पंप आणि विजेची पाटी यांचे भाव यंत्राच्या किमतीबरोबरच छापले जावेत. आणि हे भाग निदान दहा वर्षे, कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तरी तिच्या उत्तराधिकाऱ्याकडून, कोणाही मागणाऱ्यास मिळावेत. असा कायदा होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हाती एक साधा उपाय आहेच. दुकानदार पडद्यावरचे चोवीस प्रकारचे धुलाईक्रम उत्साहाने दाखवू लागला की त्याला थांबवून विचारावे, या यंत्राचे बेअरिंग सुटे मिळते काय, आणि मिळत असल्यास केवढ्याला? उत्तर त्याने बिलाच्या पाठीवर लिहून द्यावे.