पडक्या घराचे चार धनी

गांवांतून एक फेरफटका मारला तर दर आळीस एखादें तरी घर असें दिसतें कीं, त्याची एक भिंत खचली आहे, कौलें सरकलीं आहेत, परसांत एरंड माजला आहे आणि दाराला तीन कुलपें आहेत. चौकशी करावी तर कळतें कीं घर बेवारशी नाहीं. उलट त्याला वारस फार आहेत. एक भाऊ मुंबईस, एक पुण्यास, एक गांवींच पण दुसऱ्या जागेंत, आणि बहीण सासरीं. कोणी कोणाला राहूं देत नाहीं, डागडुजीला कोणी पैसा काढीत नाहीं, आणि विकूं म्हटलें तर चौघांच्या सह्या एका कागदावर येत नाहींत. शेवटीं पावसाळाच वांटणी करतो, आणि तो कोणाच्याच वांट्याला कांहीं ठेवीत नाहीं.

बांधावरचे तंटे आमच्या वाचकांस नवे नाहींत. घराचा तंटा त्याहून वाईट, असें आमचें स्पष्ट मत आहे. शेताची मोजणी होते, चार एकरांचे दोन तुकडे पडतात. घराचें तसें नाहीं. न्हाणी एक, आड एक, उंबरा एक. लोहाराचा भाता किंवा कुंभाराचें चाक दोघां भावांत चिरून देतां येत नाहीं. वस्तु तुटत नाहीं म्हणून मनें तुटतात.

गांवीं राहिलेला भाऊ म्हणतो, “आईबापांचें दुखणेंखुपणें मीं काढलें, घरपट्टी मीं भरली, पत्रे मीं घातले, घर माझें.” शहरांतला म्हणतो, “माझ्या पगारावर हें घर उभें राहिलें.” दोघांचेंही म्हणणें अर्धें खरें. बहीण कांहींच म्हणत नाहीं, कारण तिला कोणी विचारलेलेंच नसतें. या तिघांसही आम्हांला चार शब्द सांगावयाचे आहेत.

गांवांतल्या भावास पहिली गोष्ट ही कीं, ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वर आपलें एकट्याचें नांव आहे म्हणून घर आपलें झालें, ही समजूत चुकीची आहे. तें दप्तर पट्टी वसूल करण्यासाठीं आहे; मालकी त्यानें ठरत नाहीं. “बारा वर्षें राहिलों, आतां मीच धनी,” ही दुसरी समजूतही तितकीच खोटी. सामाईक घरांत एक भाऊ राहतो तो सर्वांच्या वतीनें राहतो, असेंच कायदा धरतो. इतरांचा हक्क उघड नाकारून त्यांना बाहेर ठेविल्यावांचून वर्षांच्या मोजणीचा कांहीं उपयोग नाहीं.

शहरांतल्या भावासही विचारूं. दादा, तुझा वांटा कोणी बुडवूं नये हें खरें. पण आईच्या आजारांत रात्री कोणी जागविल्या? कुलूप लावून निघून जाणें सोपें आहे. रागाच्या भरांत आपला हिस्सा तिऱ्हाइताला विकून भावाची खोड मोडण्याचा विचार करशील तर ऐक. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें अशा तिऱ्हाइताला एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरांत बिऱ्हाड थाटण्याचा हक्क मिळत नाहीं. आणि त्यानें वांटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वांटणी कायद्यानें घरच्या माणसांस तो हिस्सा कोर्टानें ठरविलेल्या किंमतीला परत घेतां येतो. म्हणजे तुला भाव कमी, भावाला ताप जास्त, आणि फायदा कोणाचाच नाहीं.

आतां बहिणीविषयीं. येथें आमच्या समाजाची मान खालीं जाते. बापानें स्वकमाईनें बांधलेलें घर, मृत्युपत्र नाहीं, आणि मागें पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर हिंदु वारसा कायद्यानें १९५६ पासून चौघांचा सारखा वांटा आहे. वडिलोपार्जित घरांत मुलीला मुलाप्रमाणें जन्मतः हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला. आणि त्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं स्पष्ट केलें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं नोंदणी होऊन किंवा कोर्टाच्या हुकुमानें झालेल्या वांटण्या तेवढ्या कायम आहेत. भाऊ वांटणी करीपर्यंत बहिणीनें राहत्या घराची वांटणी मागूं नये, हें जुनें कलमही २००५ सालींच गेलें. मुसलमान व ख्रिस्ती घरांचे वांट्याचे नियम निराळे आहेत. पण मुलीला शून्य असें तेथेंही नाहीं.

असें असतां कित्येक घरीं बापाचा तेरावा होतो न होतो तोंच बहिणीपुढें हक्कसोडपत्र येतें. “सही कर, नाहीं तर माहेर तुटेल,” हा धाक तोंडानें कोणी बोलत नाहीं, पण तिला तो ऐकूं येतो. “तुझ्या लग्नांत खर्च केला,” असें म्हणणाऱ्या भावांनीं स्वतःच्या लग्नाचा खर्चही त्याच हिशेबांत धरावा. हुंडा दिला असेल तर तो देणें १९६१ पासून गुन्हाच आहे. गुन्ह्याची वजावट बहिणीच्या वांट्यांतून कशी होईल? बहिणीनें खुशीनें हक्क सोडला तर तिची थोरवी. पण काय सोडतें आहे हें तिला कळलें पाहिजे, कारण नोंदविलेलें हक्कसोडपत्र सहजासहजीं फिरत नाहीं.

कोणी म्हणेल, मग कोर्टांत जावें. जावयाचें असेल तर काय होतें हें समजून जावें. वांटणीच्या दाव्यांत आधीं प्राथमिक हुकूमनामा होतो, मग कमिशनर येऊन घर पाहतो, मग अंतिम हुकूमनामा. घर वांटण्याजोगें नसेल, आणि निम्म्या किंवा अधिक हिश्श्याचे धनी मागतील, तर कोर्ट घर विकून पैसे वांटूं शकतें. तोंपर्यंत वकिलाची फी, गाडीभाडें, बुडालेली मजुरी! जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला; त्यांत कोर्टकचेऱ्यांत शेतकरी कसा नागवला जातो हें दाखविलें आहे. त्या काळीं भांडण पेटविणाऱ्या दुसऱ्यांकडे बोट दाखवितां येत असे. आज घरपट्टीच्या पावतीसाठीं भाऊ भावावर दावा लावतो, तेव्हां बोट कोणाकडे दाखवावें?

आमची सूचना साधी आहे. सर्व भावंडांनीं, आईसह, एकदां एका जाजमावर बसावें. सोयरेधायरे नकोत, दोन निःपक्षपाती माणसें पुरेत. घराची आजची किंमत ठरवावी. समजा ती १२ लाख झाली आणि गांवच्या भावानें छपरावर २ लाख खर्च केले आहेत. ते आधीं त्याचे बाजूला काढावे. उरलेल्या १० लाखांचे आई, दोन भाऊ व बहीण असे चार वांटे, प्रत्येकीं अडीच लाख. ज्याची भट्टी, माग किंवा चाक त्या ओसरीवर चालतें त्याला ती ओसरी द्यावी. बाकीच्यांचे पैसे त्यानें हप्त्यानें फेडावे, आणि हप्ते कागदावर लिहावे. आई जिवंत असेपर्यंत तिची खोली तिची, ही अट पहिली. मग वांटणीपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावें. तोंडी वांटणीवर भरंवसा ठेवूं नये. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गांवठाणाची ड्रोननें मोजणी करून मिळकत पत्रिका दिली जाते. तींत सर्व वारसांचीं नांवें आहेत कीं नाहींत, हेंही पाहावें.

दावा लागलाच असेल तर लोकअदालतीचा रस्ता आहे. तेथें फी नाहीं, तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि निवाड्यावर अपील नाहीं. स्त्रियांस, तसेंच अनुसूचित जातिजमातींच्या माणसांस, विधिसेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. हें बहिणींनीं ध्यानांत ठेवावें.

शेवटचा शब्द आईबापांस. “आमच्या मागें पोरें बघून घेतील,” असें म्हणूं नका. पोरें बघून घेत नाहींत, एकमेकांना बघून घेतात! तुमचा शब्द सर्वांना मान्य आहे तोंवरच मुलाबाळांस, मुलींसकट, समोर बसवा आणि कोणाचें काय तें लिहून ठेवा. भिंत खचल्यावर गवंडी मिळतो. भावंडांत फूट पडली कीं ती सांधणारा कारागीर कोणत्याही गांवीं मिळत नाहीं.