कुमक्वाटाला मराठीत काय म्हणावे?



थंडीच्या दिवसांत इथल्या मोठ्या दुकानांत कधी कधी एक छोटी डबी दिसते. आत द्राक्षापेक्षा थोडी मोठी, लांबट, नारिंगी रंगाची फळे असतात. छोटी संत्री समजून आपण ती घरी आणतो आणि सोलायला बसतो. साल धड निघत नाही, आतला गर आंबटढाण लागतो, आणि डबी फ्रीजमध्ये मागे ढकलली जाते.

या फळाचे नाव कुमक्वाट. ते लिंबू-संत्र्याच्याच कुळातले, पण त्याची रीत अगदी उलटी. इथे साल गोड आणि आतला रस आंबट! म्हणून ते सोलायचेच नाही. सालीसकट खायचे असल्यामुळे आधी स्वच्छ धुवावे. मग दोन बोटांत हलके चोळावे, म्हणजे सालीचा सुगंध सुटतो. नंतर अख्खे तोंडात टाकावे आणि सावकाश चावावे. आंबट रस आणि गोड साल तोंडात एकत्र आली की खरी चव कळते. बिया काढून टाकाव्यात. अगदी लहान मुलांना मात्र अख्खे फळ देऊ नका; चिरून, बिया काढूनच द्या. निवडताना घट्ट आणि पूर्ण नारिंगी झालेली फळे घ्यावीत. पहिले फळ खाताना तोंड वाकडे होईल, पण दुसरे खाऊन मगच मत बनवा.

आता मुख्य मुद्दा. या फळाला मराठीत काय म्हणायचे? वर्गातल्या मुलांना हा प्रश्न पडतो, आणि पालकांपैकी कोणी 'बालसंत्रे' सुचवते, तर कोणी 'सोनलिंबू'. आमचे स्पष्ट मत असे की, नवे नाव शोधत बसू नये. कुमक्वाट हेच नाव घ्यावे.

कारण हे नाव इंग्रजांचेही नाही. दक्षिण चीनमधल्या कँटनीज भाषेतले ते नाव, अर्थ 'सोनेरी संत्रे'. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतीतज्ज्ञाने 1846 मध्ये हे झाड चीनमधून लंडनला नेले. इंग्रजीने नाव जसे ऐकले तसे उचलले. मग आपणच का लाजावे? या कुळातल्या फळांची नावे नेहमीच प्रवास करत आली आहेत. संस्कृतातले 'नारंग' फारसीतून अरबीत जाऊन 'नारंज' झाले आणि पुढे युरोपात 'ऑरेंज'. आपली मोसंबी मोझांबिकवरून आली असे मानतात. इथे अरबीत संत्र्याला 'बुर्तुकाल' म्हणतात, ते पोर्तुगालवरून! आपले लिंबू आणि इथले 'लैमून' तर सख्खे शेजारीच वाटतात.

शब्द बाहेरून आला म्हणून भाषा बिघडत नाही. तो आपल्या व्याकरणात बसला की आपला होतो. ते पपनस, ती पपनसे. तसे ते कुमक्वाट, ती कुमक्वाटे. पपनसाची साल, तशी कुमक्वाटाची साल. "मी दोन कुमक्वाटे खाल्ली, पण तिसऱ्या कुमक्वाटाने दात आंबले," असे एखाद्या मुलीने म्हटले तर ते शंभर टक्के मराठी आहे. आम्ही तिला पूर्ण गुण देऊ.

पण याच न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याला आपल्याकडे शब्द आहे, तो शब्द सोडू नये. संत्रे, मोसंबी, पपनस, ईडलिंबू, महाळुंग ही सगळी वेगवेगळी फळे आहेत. नागपूरच्या संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण आपल्या घरात मात्र संत्रेही 'ऑरेंज' आणि मोसंबीही 'ऑरेंज'! इथे दोष मुलांचा नाही. आपणच बाजारात आणि जेवणाच्या टेबलावर जे बोलतो, तेच ती उचलतात.

पालकांना एक कळकळीची विनंती. मूल शाळेतून येऊन उत्साहाने काही सांगत असते. मध्ये एखादा परका शब्द येतो आणि आपण लगेच "मराठीत सांग" म्हणून त्याला अडवतो. चार वेळा असे झाले की ते सगळेच इंग्रजीत सांगू लागते, किंवा सांगायचेच सोडून देते. एका शब्दासाठी आपण आख्खी गोष्ट गमावतो. त्यापेक्षा गोष्ट पूर्ण ऐकून घ्यावी आणि उत्तर देताना आपला शब्द सहज वापरावा. मूल तो आपोआप उचलते.

बालमित्रांनो, आता तुमचे काम. या थंडीत डबी दिसली तर घरी आणायला सांगा. नाही मिळाली तर मोसंबी किंवा लिंबूही चालेल. रंग, वास, साल, गर, बिया आणि चव यांवर चार ओळी लिहा. गोड, आंबट, तुरट, कडवट, आंबटगोड असे भरपूर शब्द आपल्याकडे आहेत. 'यम्मी' आणि 'यक' हे दोन मात्र चालणार नाहीत! ओळी पुढच्या वर्गाला घेऊन या. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. सगळ्यांच्या ओळी पुढच्या अंकात छापू.