अनामिक, गुमनाम आणि ॲनॉनिमस

अकरावीतली गोष्ट आहे. मराठी माध्यमातून दहावी करून मी पुण्यातल्या एका कॉलेजात दाखल झालो होतो. इंग्रजीच्या तासाला सरांनी मला उभे करून एक उतारा वाचायला लावला. त्यात एका पुढाऱ्याची 'युनॅनिमसली' निवड झाल्याचे वाक्य होते. अर्थ विचारल्यावर मी ठणकावून सांगितले, "गुप्तपणे निवड झाली." वर्ग खो-खो हसला. सर फक्त "बस" म्हणाले. आदल्याच आठवड्यात मी 'ॲनॉनिमस' हा शब्द पाठ केला होता आणि दोन्हींची गल्लत झाली होती. त्यानंतर ते वर्ष मी शेवटच्या बाकावर काढले.

शब्द पाठ करण्यात मी कमी पडलो नव्हतो. दोनशे पानी वही होती, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला अर्थ. रोज वीस शब्द. महिन्याभरात त्यातले निम्मे डोक्यातून निघून जात आणि उरलेले एकमेकांत मिसळत.

पुढे कितीतरी वर्षांनी एका शब्दकोशात वाचले की 'ॲनॉनिमस' मूळचा ग्रीक आहे. 'ॲन' म्हणजे नसलेला, 'ओनोमा' म्हणजे नाव. म्हणजे शब्दशः आपला 'अनामिक'. नुसता अर्थच नाही, तर घडणही तीच. ग्रीक 'ओनोमा', संस्कृत 'नामन्' आणि फारसी 'नाम' हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. म्हणजे अनामिक, गुमनाम आणि ॲनॉनिमस हे तिघे चुलत भाऊ. आणि 'युनॅनिमस'? लॅटिनमध्ये 'उनुस' म्हणजे एक, 'ॲनिमुस' म्हणजे मन. एक मन, अर्थात एकमत. हे दोन वाक्यांचे स्पष्टीकरण त्या दिवशी कुणी दिले असते, तर मी शेवटच्या बाकावर गेलो नसतो.

हे आठवायचे कारण माझी भाची. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, चांगले गुण, आता अकरावी सायन्स इंग्रजीतून. परवा पुस्तक पुढे टाकून म्हणाली, "मामू, मेरे से नहीं होता. ये हायपोथेसिस क्या होता, कुछ समझता नहीं." मी विचारले, "मफरूजा मालूम है?" ती लगेच म्हणाली, "वो तो मालूम है. पहले फर्ज करना, फिर तजुर्बा करके देखना."

म्हणजे संकल्पना तिला पक्की येत होती. शाळेत ती तिने उर्दूत शिकली होती. मराठी माध्यमाच्या मुलाने तेच 'गृहीतक' म्हणून शिकलेले असते. पण आपल्याला येणारी गोष्ट आणि समोरचा अनोळखी शब्द एकच आहेत, हे तिला कुणी सांगितले नव्हते. ज्ञान होते, पूल नव्हता. आणि पूल नाही म्हणून मुलगी स्वतःला ढ समजू लागली होती.

कोंढवा, कॅम्प, भवानी पेठ, हडपसर, कुठेही फिरा, इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या दिसतात. आईवडील पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. नोकरीचा रस्ता कुठून जातो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. पण बोलण्याची इंग्रजी वेगळी आणि पुस्तकातली वेगळी. 'हाऊ आर यू' आल्याने जीवशास्त्राचे पान समजत नाही.

याला कारण आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबार, न्याय आणि विद्येची भाषा फ्रेंच व लॅटिन झाली. घरातले छोटे शब्द जुन्या इंग्रजीचे राहिले, जड शब्द बाहेरून आले. 'आस्क' घरचा, 'इन्क्वायर' दरबारचा. मराठीतही असेच घडले. बहमनी काळापासून कारभार फारसीतून चालला आणि अर्ज, फिर्याद, वकील, जामीन, हजर हे शब्द मराठीत मुरले. त्यांच्याशिवाय आज कचेरीतले एक पान लिहिता येणार नाही.

आणि हे शब्द कुटुंबाने आले. हासिल, महसूल, तहसील ही एकाच अरबी मुळाची लेकरे. तिन्हींत मिळणे, मिळवणे, गोळा करणे हा अर्थ आहे. इल्म, आलिम, मालूम, तालीम हे दुसरे घराणे. मोहल्ल्यातले पोर मक्तबमध्ये जाते तेव्हा तालीम म्हणजे शिक्षण. तेच पोर पेठेतल्या तालमीत जाते तेव्हा तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. शब्द एकच, मूळही एकच: शिकणे. इंग्रजीतले जड शब्दही असेच घराण्याने राहतात. 'स्क्राइब' म्हणजे लिहिणे हे कळले की डिस्क्राइब, प्रिस्क्राइब, इन्स्क्रिप्शन, मॅन्युस्क्रिप्ट एका ओळीत उभे राहतात.

शिवाय इंग्रजीत आपली ओळखीची माणसे बरीच आहेत. 'ऊर्फ' आणि 'तारीफ' यांच्या मुळाशी 'ओळखणे' आहे. त्याच 'तारीफ'वरून युरोपात 'टॅरिफ' झाला, म्हणजे दर जाहीर करणारा तक्ता. 'खजिना' आणि 'मॅगझिन' एकाच मुळाचे. मॅगझिन म्हणजे आधी कोठार, नंतर लेखांचे कोठार. संस्कृत 'शून्य'चे अरबीत 'सिफर' झाले, त्यातून 'झीरो' आला आणि 'सायफर'ही. सायफर म्हणजे गुप्तलिपी, म्हणून 'डिसायफर' म्हणजे उकल करणे. संस्कृतकडूनही नाती आहेत: दंत आणि डेंटल, मृत आणि मॉर्टल, नौका आणि नेव्हल. मराठी मुसलमानाच्या पोराकडे दोन्ही बाजूंचे नातेवाईक आहेत.

या बाबतीत व्हिएतनामी मुलांची स्थिती बघण्यासारखी आहे. त्यांची लिपी रोमनच; सतराव्या शतकात मिशनऱ्यांनी घडवलेली. अक्षरे ओळखीची, पण इंग्रजी शब्दांशी त्यांच्या भाषेचे नाते जवळजवळ नाही. तरीही त्यांच्याकडे एक चावी आहे. जशी आपल्याकडे संस्कृत आणि अरबी-फारसी, तशी त्यांच्याकडे चिनीतून आलेल्या विद्येच्या शब्दांची मोठी पुंजी आहे. 'होक' म्हणजे शिकणे, विद्या. 'सिन्ह' म्हणजे जीवन. 'सिन्ह होक' म्हणजे जीवशास्त्र. 'बायो' अधिक 'लॉजी', 'जीव' अधिक 'शास्त्र', 'सिन्ह' अधिक 'होक'. शब्दांचे नाते नसले तरी शब्द बांधायची रीत सारखी आहे. ज्या मुलाला आपल्या भाषेतला जड शब्द सोडवता येतो, त्याला परक्या भाषेतलाही सोडवायला शिकवता येते.

इथे एक सावधगिरी हवी. 'इंग्रजी आमच्याकडूनच निघाली' अशी फुशारकी मारण्यासाठी हे सांगत नाही. तसले संदेश मोबाईलवर रोज फिरतात आणि त्यांनी कुणाचा एक गुण वाढत नाही. दिसायला सारखे शब्द नातेवाईक असतातच असे नाही; माझी फजिती त्यातूनच झाली होती. मूळ कळले म्हणजे वापर कळला असेही नाही. 'प्रॅक्टिकल माणूस' म्हणताना आपल्याला जे अभिप्रेत असते, ते इंग्रजाला असेलच असे नाही. वापर वाचूनच येतो. मूळ समजल्याने दोन गोष्टी होतात: शब्द लक्षात राहतो आणि भीती जाते. दुसरी जास्त मोलाची.

कामाचा डोंगरही वाटतो तेवढा मोठा नाही. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड या भाषाअभ्यासक बाईंनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यात ५७० शब्दकुटुंबे आहेत आणि विद्यापीठाच्या पुस्तकांतला सुमारे दहावा हिस्सा त्यांनीच व्यापलेला असतो. ५७० घराणी म्हणजे दिवसाला दोन धरली तरी वर्षाच्या आत होतात. उलट अमेरिकेतल्या जीआरई परीक्षेसाठी पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हजारो दुर्मीळ शब्द घोकले; २०११ मध्ये त्या परीक्षेने विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्नच काढून टाकले. याद्या घोकणारे वर्ग मात्र अजून सुरू आहेत.

मग करायचे काय? इंग्रजी माध्यम हेच एकमेव उत्तर आहे असे मला वाटत नाही. आपल्या वस्त्यांतल्या स्वस्त इंग्रजी शाळांतून मुले 'हायपोथेसिस'ची व्याख्या पाठ करून बाहेर पडतात, पण ना मफरूजा सांगता येतो ना गृहीतक. उर्दू आणि मराठी शाळांनी आठवीपासून प्रत्येक विषयाची तीन रकान्यांची वही करून घ्यावी: इंग्रजी, मराठी, उर्दू. बाजूला शब्दाचे तुकडे. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या गाईडशेजारी एक चांगला शब्दकोश असावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. शब्द संस्कृत की फारसी की अरबी, याची खूण त्यात केलेली आहे. त्या इंग्रजाला आपल्या भाषेची मुळे जाणून घ्यावीशी वाटली. आपल्याला त्याच्या भाषेची का वाटू नये?

याच पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता, आणि तो मराठीत धरला होता. एक भाषा सोडून दुसरी घ्या, असे त्यांनी सांगितले नाही.

भाचीच्या वहीत आता तीन रकाने आहेत. काल तिने मला विचारले, "मामू, तहसीलदार को इंग्लिश में क्या कहते?" मी म्हणालो, "तहसीलदारच." ती हसली. म्हणाली, "मतलब उन लोगों को भी हमारे लफ्ज लगते."