वरातीमागून घोडे

ऑगस्ट 2025मध्ये आलेल्या क्रोमच्या 139व्या आवृत्तीने मॅनिफेस्ट व्ही2वर चालणाऱ्या एक्स्टेन्शनांचा उरलासुरला आधारही काढून घेतला. मॅनिफेस्ट म्हणजे एक्स्टेन्शनला कोणत्या परवानग्या हव्यात आणि त्याचा कोणता भाग कोठे चालणार, हे नोंदवणारी फाइल. तिच्या तिसऱ्या आवृत्तीचा (व्ही3) मसुदा 2018च्या अखेरीस पुढे आला होता. जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेन्शनांचे भवितव्य हा विषय तेव्हापासून पुरेसा चघळून झाला आहे. एक्स्टेन्शनांच्या लहान उत्पादकांना बसलेला फटका निराळा असून त्याची दखल फारशी कोणी घेतलेली नाही.

व्ही2मध्ये एक्स्टेन्शनचे पार्श्वभूमीतील पान ब्राउझर उघडा असेपर्यंत जागे ठेवता येत असे. व्ही3ने त्याच्या जागी सर्व्हिस वर्कर आणला, जो काम नसेल तर 30 सेकंदांत बंद होतो आणि ज्याला डॉम, म्हणजे वेबपानाची अंतर्गत रचना, हाताळता येत नाही. त्यामुळे एचटीएमएलमधून मजकूर वेगळा काढणे, क्लिपबोर्ड वापरणे, आवाज वाजवणे अशी साधी कामे अडून बसली. गूगलने जानेवारी 2022पासून क्रोमच्या एक्स्टेन्शन स्टोअरमध्ये नवी सार्वजनिक व्ही2 एक्स्टेन्शने घेणे थांबवले आणि जुनी पुढच्या जानेवारीत बंद पडतील असे बजावले. परंतु ही अडलेली कामे मार्गी लावणारी ऑफस्क्रीन डॉक्युमेंटची सोय 109व्या आवृत्तीत, म्हणजे नेमकी जानेवारी 2023मध्ये अवतरली. सर्व्हिस वर्कर सलग चालण्यावरची पाच मिनिटांची कमाल मर्यादा 110व्या आवृत्तीत सैल झाली, आणि वापरकर्त्याने स्वतः आणलेल्या स्क्रिप्ट चालवण्याची सोय तर 120व्या आवृत्तीपर्यंत लांबली. दरम्यान डिसेंबर 2022मध्ये मुदत स्थगित झाली आणि शेवटी जून 2024पासून अंमलबजावणी सुरू झाली.

या घोळात भरडले गेले ते आज्ञाधारक. ज्यांनी पहिली तारीख खरी मानून वेळेत स्थलांतर केले, त्यांनी वर्करला जागे ठेवण्याच्या नाना क्लृप्त्या लिहिल्या, ग्राहकांच्या तक्रारी झेलल्या आणि वर्षभरात तेच काम मोडीत काढून पुन्हा केले. जे हातावर हात ठेवून बसले, त्यांना सगळी साधने आयती मिळाली. आळसाला असे बक्षीस देणारे वेळापत्रक ज्यांनी आखले, त्यांनी स्वतःच्या ताफ्यातले एखादे मध्यम आकाराचे एक्स्टेन्शन आधी हलवून पाहिले असते, तर या उणिवा मुदत ठरवण्याआधीच उघड झाल्या असत्या.

स्टोअरच्या नकारपत्रांची तऱ्हाही काही वेगळी नाही. न वापरलेली परवानगी मागितली तर ‘पर्पल पोटॅशियम’, बाहेरून आणलेला कोड आढळला तर ‘ब्लू आर्गॉन’, अशी रसायनशाळेत शोभणारी संकेतनामे तेथे नियमभंगाला दिलेली आहेत. नेमकी कोणती ओळ आक्षेपार्ह ठरली, हे मात्र त्या नावावरून कळत नाही.

याहून गंभीर बाब पैशाची आहे. स्टोअरने स्वतःची देयकव्यवस्था गुंडाळत असल्याचे सप्टेंबर 2020मध्ये जाहीर केले आणि 1 फेब्रुवारी 2021पासून तिच्यातून वसुली बंद केली, म्हणजे परवाना तपासणी आणि वर्गणी दोन्ही दुसरीकडे हलवायला पाच महिनेही मिळाले नाहीत. ज्यांच्याकडे ग्राहकांचे ईमेल पत्ते स्वतंत्रपणे नोंदलेले होते ते यातून तरले, कारण एक्स्टेन्शन कोणी बसवले याची यादी स्टोअर उत्पादकाला देत नाही.

हा धडा मिळूनही अनेक उत्पादक आज परवान्याची नोंद एक्स्टेन्शनच्या आतच ठेवतात आणि फायरफॉक्ससाठीची आवृत्ती ‘पुढे कधीतरी’ म्हणून टाळतात, हे आता पुरे झाले. वर्गणीची नोंद स्वतःच्या सर्व्हरवर आणावी. मूळ कार्यभाग ब्राउझरच्या एपीआयपासून, म्हणजे त्याच्या सोयी वापरण्याच्या ठरीव आज्ञांपासून, वेगळा लिहावा, म्हणजे यजमान ब्राउझर बदलला तरी तो टाकून द्यावा लागणार नाही. आणि वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या छत्राखाली जून 2021पासून ब्राउझर कंपन्यांचे प्रतिनिधी वेबएक्स्टेन्शन्स गटात एकत्र बसतात, त्याचे सदस्यत्व कोणालाही विनामूल्य मिळते आणि बैठकांची टिपणे सर्वांना खुली असतात. तेव्हा मुदतींवरून नंतर कपाळाला हात लावणाऱ्या उत्पादकांनी या महिन्यात तेथे नाव नोंदवून आपली अडलेली एक तरी सोय, चालवून दाखवता येईल अशा कोडसह, लेखी मांडावी.