उन्हाचें मलम विकत घेतांना

सनस्क्रीन या नांवानें मिळणारें उन्हाचें मलम आतां तालुक्याच्या गांवांतील औषधांच्या दुकानांतही दिसतें. आंबाकाढणीच्या किंवा भातकापणीच्या दिवसांत तें घ्यावें कीं नाहीं, असा प्रश्न कोंकणांतील शेतकरी बंधूंपुढें येतो. घ्यावें, असेंच आमचें मत आहे; परंतु केवळ वेष्टनावरील मोठा आंकडा पाहून घेऊं नये.

एसपीएफ म्हणून जो आंकडा छापलेला असतो, तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरास २ मिलिग्रॅम इतका भरपूर थर देऊन ठरविलेला असतो. असा थर दिल्यास ३० आंकड्याचें मलम त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकीं शेंकडा सुमारें ९७ अडवितें, ५० आंकड्याचें ९८. उलट थर पातळ झाला कीं दोहोंचाही प्रभाव पुष्कळ घटतो. चेहरा व मान यांस एका वेळीं सुमारें सव्वा ग्रॅम मलम लागतें. म्हणजे दिवसांतून दोनदां लाविल्यास ५० ग्रॅमची नळी वीस दिवसांत संपावयास हवी. ती हंगामभर पुरत असेल, तर मलम लागतच नाहीं असें समजावें. म्हणून महाग नळी जपून वापरण्यापेक्षां बेताच्या किंमतीची सढळ हातानें वापरणें अधिक हिताचें.

किनाऱ्यावरील दमट हवेंत घाम लवकर वाळत नाहीं; तो ओघळतो आणि थरही बरोबर नेतो. याकरितां नळीवर ‘वॉटर रेझिस्टंट’ हे शब्द व पुढें किती मिनिटें दिलीं आहेत, तें पाहावें. अमेरिकेंत २०११ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें ४० किंवा ८० मिनिटें असा स्पष्ट उल्लेख करावा लागतो, व ‘वॉटरप्रूफ’ म्हणण्यास मनाई आहे. सबब दर दोन तासांनीं, आणि घाम फार आल्यास त्याहूनही लवकर, मलम पुन्हां लावणें प्राप्त आहे. घाम चोळून न पुसतां कापडानें टिपावा. झिंक ऑक्साइडचें पांढरें मलम, जें क्रिकेटचे खेळाडू नाकावर फांसतात, तें दिसण्यांत शोभत नाहीं खरें; पण कोठें धुपलें तें डोळ्यांस दिसतें, हा त्याचा मोठा गुण होय.

आमची कातडी सांवळी, तिला ऊन काय करणार, असें कित्येक म्हणतात. सांवळी त्वचा लवकर भाजत नाहीं हें खरें. तथापि गालांवरील वांग उन्हानें वाढतो, आणि त्याचा त्रास स्त्रियांस विशेष होतो.

फवारणी करणारांनीं एक गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, अशा मलमांतील कांहीं द्रव्यांमुळें २,४-डी हें तणनाशक उंदराच्या त्वचेंतून अधिक झिरपतें, असें आढळून आलें. तेव्हां मलम लाविलें म्हणून अंग उघडें टाकून फवारणी करणें धोक्याचें आहे.

शेवटीं, कापड हेंच पहिलें मलम. पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद कांठाची टोपी किंवा डोक्यावरून मानेपर्यंत घेतलेला पंचा यांना घाम धुऊन नेऊं शकत नाहीं. जेथें कापड पोंचत नाहीं, तेथें मलम लावावें. आणि मालकानें स्वतःपुरती नळी आणून भागत नाहीं. दुपारच्या प्रखर उन्हांत काम थांबविणें, सांवली व पाणी देणें, आणि मजूर स्त्रीपुरुषांसही टोपी व मलम पुरविणें, हा खर्च बियाण्याच्या व खताच्या खर्चाबरोबरच धरावा, अशी आमची सूचना आहे.