आता त्याला अजान ऐकू येते

गेल्या वर्षी शाबानमध्ये आमच्या धाकट्याच्या दोन्ही कानांत नळ्या बसवल्या. तेव्हा तो साडेपाच वर्षांचा होता. त्याआधीच्या वर्षभरात आम्ही त्याला काय काय बोललो, ते आठवले की आजही मान खाली जाते. "दहा वेळा हाक मारायची का?" "कान कुठे ठेवून आलास?" टीव्हीचा आवाज वाढवतो म्हणून रागावलो, एकदा तर हातही उगारला. मूल ऐकत नाही असे आम्हाला वाटत होते. खरे म्हणजे त्याला ऐकूच येत नव्हते.

हे आमच्या लक्षात आणून दिले मकतबच्या हाफिज साहेबांनी. ते म्हणाले, "हा खोडकर नाही. माझ्या ओठांकडे बघून सबक म्हणतो. मी पाठ फिरवली की अडखळतो. याचे कान दाखवून घ्या." कानाच्या डॉक्टरांनी तपासले, तर दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साचलेले होते. तीन महिने वाट पाहिली, ऐकण्याची तपासणी पुन्हा केली. पाणी तसेच होते, म्हणून ऑपरेशन ठरले.

या वर्षात आमच्या ओळखीतल्या तीन-चार घरांतून हाच प्रश्न आला : ऑपरेशन तर झाले, आता घरी काय करायचे? म्हणून या महिन्याचे पान त्यासाठी.

नळी करते काय?

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. तिथून नाकाच्या मागे एक वाट जाते. लहान मुलांत ही वाट आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीत ती पटकन बंद होते. हवा जात नाही, पाणी साचते, आणि पडदा नीट हलत नाही. दोन्ही कानांत बोटे घालून कोणाचे बोलणे ऐकून पाहा. मुलाला साधारण तसेच ऐकू येत असते.

डॉक्टर पडद्याला बारीक छेद देऊन पाणी ओढून घेतात आणि त्या छेदात एक इवलीशी नळी बसवतात. तिला ग्रोमेट म्हणतात. तिच्यातून आत हवा खेळती राहते. काम दहा-पंधरा मिनिटांचे, पण लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते. बहुतेक मुले त्याच दिवशी घरी येतात. नळी सहसा सहा महिने ते दीड वर्षात आपोआप बाहेर पडते आणि बहुतेक मुलांचा पडदा आपोआप भरून येतो.

पहिले दोन दिवस

भुलीतून उठताना मूल खूप रडते, हातपाय झाडते, आईलाही ओळखत नाही असे वाटते. आम्ही घाबरलोच होतो. तासाभरात ते शांत होते. घरी आल्यावर आधी पाण्याचे घोट, मग पेज, मऊ खिचडी. एखादी उलटी झाली तरी चालते. पाहुण्यांना दोन दिवस येऊ नका म्हणावे, मुलाला झोपू द्यावे.

दुखणे फार नसते. लागलेच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी मुलाच्या वजनावरून सांगितलेल्या मापाने. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये, आणि अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको. दोन-तीन दिवस कानातून थोडे पाणी किंवा गुलाबी डाग येतो. बाहेर आलेले तेवढे स्वच्छ फडक्याने टिपावे. आत काडी, बड, कापसाची वात काहीही घालू नये. बरोबर नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठही काढली असेल तर घसा दुखतो, तोंडाला वास येतो. त्याला आठवडाभर जास्त आराम लागतो.

थेंब कसे घालावेत

डॉक्टर काही दिवस कानाचे थेंब देतात. थंड थेंब कानात गेले की चक्कर येते, म्हणून बाटली आधी दोन मिनिटे मुठीत धरावी. मुलाला कुशीवर झोपवावे. तीन वर्षांवरच्या मुलाची कानाची पाळी वर आणि मागे, त्याहून लहान मुलाची खाली आणि मागे ओढावी. थेंब टाकून झाले की कानाच्या छिद्रापुढचा तो लहान उंचवटा बोटाने चार-पाच वेळा हलके दाबावा, म्हणजे औषध नळीतून आत उतरते. मग पाच मिनिटे त्याच कुशीवर. त्या पाच मिनिटांत आमच्याकडे रोज एका पैगंबरांची गोष्ट होत असे. औषधाची वेळ झाली की पोरगे आपणहून उशी घेऊन यायचे.

तेल नको, जुनी बाटलीही नको

आता आमची चूक सांगतो. चौथ्या महिन्यात सर्दी झाली आणि एका कानातून पिवळा स्राव येऊ लागला. नानींनी लगेच लसणाचे तेल कोमट करायला घेतले. "तुम्हा सगळ्या भावंडांच्या कानात हेच घातलंय, बेटी," त्या म्हणाल्या. तेल आम्ही थांबवले, आणि कपाटातली मागच्या वर्षीची थेंबांची बाटली काढली. आपण फार शहाणे, अशा थाटात! नशिबाने आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बाटलीवरचे नाव वाचायला लावले आणि म्हणाले, "फेकून द्या."

कारण साधे आहे. एरवी पडदा बंद दरवाजासारखा असतो, बाहेरचे बाहेर राहते. नळी असताना दरवाजा उघडा असतो. तेल, मळ विरघळवणारे औषध, हायड्रोजन पेरॉक्साइड, जे घालाल ते थेट आत जाते. जेन्टामायसिन किंवा निओमायसिन असलेले काही थेंब आतल्या कानातल्या ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतात. नळी असलेल्या कानासाठी वेगळे, सुरक्षित थेंब असतात. ते डॉक्टरच ठरवतील.

असा स्राव बऱ्याच मुलांना कधी ना कधी होतो. म्हणजे ऑपरेशन फसले असे नाही. उलट, नळी आहे म्हणून पू बाहेर पडतो आणि पडद्यावर ताण येऊन ठणका लागत नाही. नानींना आम्ही हे नीट समजावले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तेल वाया घालवले नाही, त्याच तेलाने मुलाच्या पायांना मालिश झाली!

आंघोळ, वुजू आणि पोहणे

पाण्याबद्दल प्रत्येक डॉक्टरचे सांगणे थोडे वेगळे असते. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांचे ऐकावे. साधारणपणे पहिले दोन आठवडे कान कोरडे ठेवायला सांगतात. त्यानंतर साध्या स्वच्छ पाण्याचा थेंब उडाला तर बहुतेक मुलांना काही होत नाही. साबणाचे पाणी मात्र नळीतून सहज आत शिरते, म्हणून डोके धुताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून कानाच्या तोंडाशी ठेवावा.

मुलगा आमच्याबरोबर नमाजला उभा राहतो. वुजूत कानाचा मसह ओल्या बोटाने होतो, कानात पाणी ओतायचे नसते, तेव्हा त्याची काळजी नाही. नाकात पाणी घेताना मात्र जोराने ओढायला आणि शिंकरायला लावू नये.

विहीर, तळे, नदीचे गढूळ पाणी आणि सूर मारणे नळी असेपर्यंत टाळलेलेच बरे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चुलतभाऊ विहिरीत उड्या मारतात आणि हा काठावर बसून रडतो, हे आम्हीही पाहिले आहे. त्या महिन्यात त्याला आम्ही पंप सुरू करायचे काम दिले होते. विमानप्रवासाला मात्र हरकत नसते. नळीमुळे हवेचा दाब आपोआप सारखा होतो, त्यामुळे उमराहचे ठरले असेल तर डॉक्टरांना सांगून जावे.

आणखी एक. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ते बंद व्हायला हवे. त्या धुराने मुलांच्या कानांचा हा त्रास वाढतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

थेंब घालूनही आठवड्यात स्राव थांबला नाही, ताप उतरत नाही, कानामागे सूज किंवा लाली आली, उलट्या थांबत नाहीत, चक्कर येते, ऐकणे पुन्हा कमी झाले, तर थांबू नका. अ‍ॅडेनॉइड काढले असेल आणि नाकातोंडातून ताजे लाल रक्त आले तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. एक-दोन महिन्यांनी ऐकण्याची तपासणी आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा नळीची तपासणी, "मूल बरे आहे" म्हणून चुकवू नका. उशीवर नळी सापडली तर घाबरू नका, डाक्टरांना कळवा.

ऐकणे परत आल्यावर

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि तो कान दाबून पलंगाखाली गेला. मिक्सर, दाराची कडी, भांडी, सगळेच त्याला मोठे वाटायचे. हे काही दिवस चालते. त्या दिवसांत आपणच आवाज खाली आणावेत.

बोलणे मात्र एका दिवसात सुधारत नाही. जी अक्षरे वर्षभर नीट ऐकलीच नाहीत, ती जिभेवर यायला वेळ लागतो. आम्ही समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलायचो. शाळेत बाईंना सांगून पहिल्या बाकावर बसवले. हाफिज साहेबांनी कायद्याचा पहिला सबक पुन्हा काढला. त्याला आठ-नऊ आठवडे लागले. "आता ऐकू येतं ना, मग चुकतोस का?" हे वाक्य घरात कोणी बोलायचे नाही, असे आम्ही ठरवले होते.

ऑपरेशनला चार दिवस झाले होते. मगरिबची अजान सुरू झाली आणि तो खेळ टाकून खिडकीशी गेला. "अम्मी, मशिदीत नवा भोंगा आणलाय का?" भोंगा तोच होता, गल्लीही तीच होती. त्याच्या अब्बांना काही बोलता आले नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी त्याला जवळ घेऊन सांगितले, "तुला ऐकू येत नव्हतं, आणि आम्ही तुला रागावलो. आमचं चुकलं." तो म्हणाला, "मला माहीतच नव्हतं की तुम्ही मला हाक मारत होतात."

अल्लाहने आजार दिला तर त्याचा इलाजही दिला आहे, अशी आपली शिकवण आहे. इलाज शोधणे हे आपले काम. तुमच्या घरातले एखादे मूल "ऐकत नाही" असे वाटत असेल, तर रागावण्याआधी एकदा त्याच्या पाठीमागे उभे राहून हळूच त्याचे नाव घेऊन पाहा. त्याने वळून पाहिले नाही, तर कान तपासून घ्या. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या मुलांना आफियत देवो. आमीन.